सरांना कुणी उत्तर देईना

नववी अ च्या वर्गात भूमिती चालू असली की व्हरांड्यातून जाणारा माणूस आपोआप चवड्यांवर चालायला लागे. एकतीस वर्षं हा शिरस्ता होता. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आणि आवाज फक्त दोन, एक खडूचा आणि दुसरा सरांचा. मुलांनी त्यांचं नाव ‘चूपसर’ ठेवलं होतं, पण शाळेचं फाटक ओलांडल्याशिवाय ते नाव उच्चारायची कुणाची छाती नव्हती. सरांना ते ठाऊक होतं. मनातल्या मनात त्यांना ते आवडायचंही, फक्त तसं दाखवण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

अशा माणसाच्या हातात एका सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी एक कागद ठेवला. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक शिक्षकाने महिनाअखेरपर्यंत ‘ऑनलाइन सहअध्ययन’ हा चार आठवड्यांचा कोर्स पुरा करावा, असा आदेश होता. कोर्सही ऑनलाइनच.

“आणि नाही झाला तर?” सरांनी विचारलं. विचारताना ते किंचित खाकरले, कारण नापास होणं ही इतरांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

“तर नववीची भूमिती दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल,” बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. “तुमच्याकडे ग्रंथालयाच्या किल्ल्या येतील. वरून आदेश आहे सर, माझ्या हातात काही नाही.”

ग्रंथालयात शांतता असते हे कबूल. पण ती तिथे आयतीच असते, करावी लागत नाही. तिच्यात सरांना काय राम? शिवाय नववी अ म्हणजे काही केवळ तास नव्हता. लग्न, मुलीचा जन्म, घराचं काम, मूळव्याधीचं ऑपरेशन, आयुष्यातली प्रत्येक तारीख सर ‘तेव्हा वर्तुळ चालू होतं’, ‘तेव्हा त्रिकोण नुकताच संपला होता’ अशी लक्षात ठेवत. ती नववी काढून घेतली तर मागे राहणार तरी काय होतं? त्या संध्याकाळी सर घरी आले आणि चप्पल काढायची विसरून थेट आतल्या खोलीपर्यंत गेले.

घरात संगणक होता. मुलगी सासरी जाताना मागे ठेवून गेली होती आणि सरांच्या पत्नीने त्याला विणलेलं आवरण घातलं होतं. (या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू.) आवरण निघालं तसे शेजारचे कंपाउंडर हजर झाले. चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते, आणि दुखणं माणसाचं असो की यंत्राचं, सल्ला एकाच भाषेत देत.

“घाबरू नका सर. सकाळ-संध्याकाळ लॉगइन करायचं, जेवणानंतर. अंगावर पुरळ आलं तर बंद करायचं.”

नावनोंदणी दुपारी तीनला सुरू झाली आणि चहाच्या वेळेपर्यंत जन्मतारखेपर्यंत मजल गेली. मग पासवर्ड. सरांनी घातलेला पहिला पासवर्ड पोर्टलने ‘दुबळा’ म्हणून परत केला. सरांच्या कुठल्याही गोष्टीला आजवर कुणी दुबळं म्हटलं नव्हतं. त्यांनी रागारागाने पायथागोरसचं अख्खं प्रमेय टाइप केलं. पोर्टलला ते ‘मजबूत’ वाटलं, पण तेव्हापासून लॉगइन करताना घरातल्या प्रत्येकाला ते तोंडाने म्हणत टाइप करावं लागे.

खरी नामुष्की फोटोच्या वेळी झाली. इस्त्रीचा शर्ट घालून सर भिंतीसमोर उभे राहिले, वहिनींनी फोनवर फोटो काढला, आणि पोर्टल म्हणालं, ‘चेहरा आढळला नाही.’ चष्मा काढून दुसरा काढला. ‘चेहरा आढळला नाही.’ ज्या चेहऱ्यापुढे तीन दशकं भल्याभल्या मुलांची बोबडी वळली तो चेहरा यंत्राला सापडेना.

“हालचाल नाही हो चेहऱ्यावर,” कंपाउंडर जवळ येऊन तपासत म्हणाले. “भिंत कुठे संपते आणि तुम्ही कुठे सुरू होता ते त्याला कळत नाही. एक डोस हसा.”

“हसू? कशाला?”

“आपल्या लग्नातसुद्धा फोटोग्राफरनं हात टेकले होते,” वहिनी म्हणाल्या. “बरं, असं करा. नववी अ भूमितीत शंभर टक्के पास झालीय असं समजा.”

सर हसले. दाढा दिसेपर्यंत हसले. पोर्टलने तो फोटो तत्काळ मंजूर केला, आणि सरांच्या आयुष्यातलं ते एकमेव मोकळं हास्य त्यांच्या नावाशेजारी कायमचं डकवून टाकलं. ते पुढे किती महागात पडणार आहे याची तेव्हा तिघांनाही कल्पना नव्हती.

कोर्स सुरू झाला. रोज एक व्हिडिओ असे. सर तो शर्ट-पँट घालून, वही उघडून, पाठ ताठ ठेवून बघत. त्या वेळात घरात भांड्याला भांडं लागलेलं त्यांना चालत नसे. पहिल्याच दिवशी पडद्यावरच्या तज्ज्ञ बाई गोड आवाजात म्हणाल्या, “आता व्हिडिओ थांबवा आणि शेजारच्याशी पाच मिनिटं चर्चा करा.” सर शब्दाचे पक्के. त्यांनी भिंतीवर टकटक करून कंपाउंडरांना बोलावलं. कंपाउंडरांनी पाऊण तास स्वतःच्या गुडघ्यावर चर्चा केली.

प्रश्नमंजूषेत सरांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. पण त्याने भागणार नव्हतं. गुणांचा मोठा वाटा ‘चर्चापीठ’ नावाच्या पानावर होता. दर आठवड्याला एक विषय दिला जाई. त्यावर आपण लिहायचं, इतरांचं वाचायचं आणि त्यांना प्रतिसाद द्यायचा. आपल्या लिखाणाला निदान तीन सहाध्यायींनी उत्तर दिलं तरच त्या आठवड्याचे गुण. चारपैकी दोन आठवडे असे जमले की माणूस पास.

पहिला विषय होता ‘चांगल्या वर्गाची लक्षणं’. सरांनी शांततेवर चार परिच्छेद लिहिले. मग बाकीच्यांचं वाचायला घेतलं. गटातल्या चाळीस जणांनी लिहिलं होतं. आता चाळीस उत्तरं समोर ठेवून एकतीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला ‘प्रतिसाद द्या’ म्हटलं, तर तो काय करेल? सरांनी तेच केलं. त्यांनी चाळीसही जणांना तपासलं.

एका बालवाडीच्या बाईंनी लिहिलं होतं की चांगल्या वर्गात मुलं फुलपाखरांसारखी बागडतात. सरांनी खाली लिहिलं, ‘४/१०. फुलपाखरांचा प्रश्नाशी संबंध नाही. मुद्देसूद लिहावे.’ तंत्रशाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या एका मास्तरांनी लिहिलं होतं की वर्गात ताज्या लाकडाचा वास आला पाहिजे. ‘३/१०. अपूर्ण. कोणतं लाकूड?’ कुणीतरी नुसताच ‘सर्वांना नमस्कार’ लिहिला होता. ‘०/१०. उत्तर लिहिलेले नाही. उद्या पालकांना घेऊन येणे.’ हे गृहस्थ चोपन्न वर्षांचे असून एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक होते, हे नंतर कळलं.

आणि या प्रत्येक शेऱ्याशेजारी सरांचा तो फोटो होता, दाढा दाखवून हसणारा.

चाळीस वह्या एका बैठकीत हातावेगळ्या केल्याच्या समाधानात सर उठले. पाठ दुखत होती, पण मन प्रसन्न होतं. इतक्या आस्थेने आपलं काम कुणी तपासल्यावर माणसं कृतज्ञतेने भारावून उत्तरं देतील याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सरांच्या चार परिच्छेदांखाली ‘प्रतिसाद: ०’ हा आकडा काही हलेना. बालवाडीच्या बाईंना अकरा उत्तरं आली होती. सुतारकामाच्या मास्तरांना नऊ. ‘सर्वांना नमस्कार’ला सतरा. शांततेवर लिहिणाऱ्याभोवती मात्र संपूर्ण शांतता पसरली होती. सर दर तासाला पायथागोरस म्हणत आत जात आणि आकडा बघून बाहेर येत.

“दोष यंत्रात आहे,” त्यांनी जाहीर केलं आणि मदतकेंद्राला फोन लावला. तासभर संगीत ऐकल्यावर एक दमलेला आवाज आला.

“सर, प्रतिसाद पोर्टल देत नाही. माणसं देतात.”

“मग माणसांना सांगा.”

“तसं सांगता येत नाही सर. तुम्ही असं करा, हा प्रश्न चर्चापीठावर सहाध्यायींना विचारा.” पाठोपाठ फोनवर निरोप आला, ‘आपली तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे.’

सरांनी नियमाप्रमाणे चर्चापीठावर विचारलं, ‘सहाध्यायींनी उत्तर द्यावे यासाठी काय करावे?’ याला कुणीही उत्तर दिलं नाही.

पहिला आठवडा कोरडा गेला तसा सरांचा चेहरा उतरला. ते जेवताना गप्प असत ही नवी गोष्ट नव्हती, पण आता ते जेवण झाल्यावरही ताटाकडे बघत बसत. वहिनींनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कंपाउंडरांना हाक मारली.

कंपाउंडरांनी नियमावली चष्म्याला चिकटवून वाचली. कोर्स शिक्षकांपुरता नव्हता, ‘शिकण्याची इच्छा असणाऱ्या कोणाही’साठी होता. “मग प्रश्नच मिटला. आम्ही दोघं भरती होतो. मी आणि वहिनी. तुम्ही लिहा, आम्ही उत्तरं देतो. घरचं औषध.”

“हे लबाडीचं आहे,” सर म्हणाले.

“शिकायची इच्छा आहे की मला,” वहिनी म्हणाल्या. त्या हे हसून म्हणाल्या, म्हणून सरांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

वहिनींबद्दल इथे एक सांगायला हवं. बावीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, हातात वायरी. कुणाला कुणाशी बोलायचंय ते ओळखून जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं. पुढे यंत्र आपोआप जोडायला लागलं आणि वहिनी घरी बसल्या. तेव्हापासून घरात जोडून देण्यासारखं कुणी नव्हतं. एकटे सर होते, आणि त्यांची लाइन कायम एकाच दिशेने चालू असे.

तर वहिनी ‘सहाध्यायी क्रमांक २१४’ झाल्या. त्यांनी सरांना पहिलं उत्तर लिहिलं, ‘ठीक आहे.’ पोर्टल म्हणालं, ‘किमान तीस शब्द हवेत.’

“तीस?” वहिनी खुर्चीत मागे रेलल्या. “इतक्या वर्षांत तुमच्या बोलण्यावर मला तीस शब्द लागले नाहीत हो कधी.”

तरीही त्यांनी तीस भरले. कंपाउंडरांनी ‘विचार उत्तम आहेत, दिवसातून तीन वेळा वाचावेत, लहान मुलांपासून दूर ठेवावेत’ असं काहीतरी लिहिलं. झाले दोन. तिसरा कुठून आणायचा? वहिनींनी बालवाडीच्या बाईंना स्वतंत्र निरोप पाठवून गळ घातली. लगेच उत्तर आलं, ‘ते चार मार्कवाले? नको हो ताई. आधी मार्क देतात आणि वर हसतात.’ दुसरा आठवडाही बुडाला. उरले दोन, आणि ते दोन्ही साधले तरच नववी.

पण तिसरं माणूस शोधता शोधता वहिनींनी अख्खं चर्चापीठ वाचून काढलं होतं. तिथे शेकडो माणसं एकाच वेळी बोलत होती आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. हे दृश्य वहिनींच्या चांगलं ओळखीचं होतं. त्यांचे हात शिवशिवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘सुतारकामाचे मास्तर विचारतात, मुलांना मोजमाप कसं शिकवावं. बालवाडीच्या बाईंनी हेच परवा चिंध्या मोजून करून घेतलं. दोघांनी बोलावं, जोडून देते.’ ते दोघे बोलले. मग त्यांनी आणखी कुणाला जोडलं. वहिनींना स्वतःला उत्तर येत नसे, पण उत्तर कुणाकडे आहे ते त्या बरोबर लक्षात ठेवत. दोन-तीन दिवसांत सगळं चर्चापीठ त्यांना ‘ताई’ म्हणू लागलं. पोर्टलवर एक नकाशा होता. त्यात प्रत्येक सहाध्यायी म्हणजे एक ठिपका, आणि ज्या दोघांनी एकमेकांना उत्तर दिलं त्यांच्यात एक रेष. वहिनींच्या ठिपक्यातून इतक्या रेषा निघत की ठिपका दिसेना. सरांचा ठिपका डावीकडे खाली होता, दोन रेषांवर. त्यातली एक कंपाउंडरांची.

घरातलं वेळापत्रकही पालटलं. सर शाळेतून येत तेव्हा खुर्चीवर वहिनी असत.

“अगं, चहा…”

“एक मिनिट हं, दोन पूर्वप्राथमिकवाले लाइनवर आहेत. तेवढा लसूण सोला ना.”

सर लसूण सोलत आपल्या पाळीची वाट बघत बसू लागले. एकतीस वर्षांची प्रतिष्ठा लसणाच्या सालींत पडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

तिसऱ्या आठवड्याचा विषय होता ‘शिकायचं राहून गेलेलं काहीतरी’. वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. सरांनी पान उघडलं, तर सर्वांत वर क्रमांक २१४.

‘आमच्या घरी पुढच्या खोलीत वीसेक वर्षं संध्याकाळची भूमितीची शिकवणी चालते. मी स्वयंपाकघरात असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी अंश का होते, हे मी दर वर्षी ऐकते. पण “आता शिरोबिंदूतून एक रेषा काढू” इथपर्यंत आलं की नेमकं दूध वर येतं. दूध उतरवून कान द्यावा तर “म्हणून हे सिद्ध झाले” असं ऐकू येतं. मधे काय होतं ते मला अजून माहीत नाही. विचारलं नाही, कारण शिकवणीत मधे बोलायची पद्धत नाही. कुणी सांगेल का?’

सरांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला. वीस वर्षं पलीकडच्या खोलीत एक विद्यार्थिनी बसली होती आणि त्यांनी तिची हजेरी एकदाही घेतली नव्हती. त्यांना मनापासून लाज वाटली.

खाली तेवीस जणांनी उत्तरं दिली होती. तेवीस परके लोक सरांच्या बायकोला भूमिती शिकवत होते! एकाने कोनमापकाने मोजून एकशे अठ्ठ्याहत्तर आल्याचं कळवलं होतं, आणि ‘साधारण जमतं’ असं वर लिहिलं होतं. साधारण! सरांची बोटं आपोआप ‘०/१०’ टाइप करून मोकळी झाली. मग त्यांना बालवाडीच्या बाईंचा तो ‘चार मार्कवाले’ निरोप आठवला. त्यांनी ते हळूच पुसलं.

खरं तर दोन मिनिटांचं काम होतं, तोंडाने सांगून टाकायचं. वहिनी परत आल्या तसे सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. “अगं, ती रेषा…”

“जरा थांबा. दूध आहे,” वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या.

सर परत फिरले, खुर्चीत बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘सहाध्यायी २१४ यांस. कागदाचा कोणताही त्रिकोण कापा. तिन्ही कोपरे फाडा. टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. काय दिसते ते सांगा. मी थांबतो.’ ‘मी थांबतो’ हे दोन शब्द त्यांनी त्याआधी आयुष्यात लिहिले नव्हते.

पदराला हात पुसत वहिनी आल्या, पडदा वाचला, सरांकडे बघितलं. जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन त्यांनी त्रिकोण कापला, कोपरे फाडले, टेबलावर जुळवले. तिन्ही मिळून एक सरळ कड झाली.

“अय्या! इथेच सांगू?”

“नको. तिथे लिही,” सर घाईने म्हणाले. “तिथे गुण आहेत.”

“मग खुर्ची द्या.”

वहिनींनी लिहिलं. पाठोपाठ बालवाडीच्या बाईंनी कागद फाडून बघितला. मग आणखी दहा जणांनी. सुतारकामाच्या मास्तरांनी फळीचे तुकडे करून फोटो टाकला आणि खाली विचारलं, ‘या त्रिकोणाला झालं. पण जगातल्या प्रत्येक त्रिकोणाला होईल कशावरून?’

काय प्रश्न होता! एकतीस वर्षांत नववी अ ने असा प्रश्न विचारला नव्हता, कारण विचारायची परवानगीच नव्हती. सरांनी दोन्ही हात कीबोर्डकडे नेले. सिद्धता जिभेच्या टोकावर होती. वहिनींनी कीबोर्ड अलगद आपल्याकडे ओढला.

“तुम्ही थांबतो म्हणालात ना?”

त्यानंतरचे दोन दिवस सरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. उत्तर माहीत असून गप्प बसणं हा प्रकार त्यांच्या शरीराला सोसेना. त्यांनी माळा आवरला. गच्चीवर फेऱ्या मारल्या. कंपाउंडरांनी जिभेखाली लवंग धरायला सांगितली, तीही धरली. चर्चापीठावर लोक चुकत होते, एकमेकांना सावरत होते, पुन्हा चुकत होते, आणि सर लवंग चावत बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून वहिनींची हाक आली, “अहो, इकडे या! आधी या!”

सर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावले. वहिनी कपडे वाळत घालत होत्या. एक त्रिकोणी घडीचा रुमाल टोकाने दोरीला चिमट्यात लटकत होता, खालची कड दोरीला समांतर.

“ही दोरी म्हणजेच ती रेषा! शिरोबिंदूतून काढायची ती! बघा ना, खालचे दोन कोन वर दोरीपाशी येऊन बसतात, एक इकडून, एक तिकडून. मधला आहेच. तिघं मिळून दोरीएवढे सरळ. आणि रुमाल कसाही असू दे, दोरी तर तीच! म्हणजे सगळ्या त्रिकोणांना होणारच की नाही? होणारच ना?”

सरांना कोन पाठ होते. व्युत्क्रम कोन, समांतर रेषा, सगळं पाठ होतं. पण हे कळतानाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. कळण्याच्या क्षणी त्यांचं तोंड नेहमी फळ्याकडे असायचं. किती वर्षं असे चेहरे आपल्या पाठीमागे उजळून विझले असतील, कोण जाणे. आणि समोरच्या या बाईबद्दल, ओल्या हातांनी रुमाल धरून उत्तराची वाट बघणाऱ्या, त्यांच्या मनात माया दाटून आली.

“होणारच,” ते तोंडावरचा साबण पुसत म्हणाले. “प्रत्येकाला.”

“मग मी आता जाऊन लिहिते. तुम्ही तेवढे कपडे घाला वाळत.”

त्या आठवड्यात सरांच्या त्या छोट्या लिखाणाला एकसष्ट उत्तरं आली. बालवाडीच्या बाईंनी लिहिलं, ‘९/१०. एक गुण फुलपाखरांसाठी कापला आहे.’ सरांनी त्यावर फुलपाखराच्या पंखातले त्रिकोण शोधायला सांगितलं, आणि चौथा आठवडा त्यातच निघून गेला. महिनाअखेरीस निकाल लागला. सर पास झाले होते. यादीत पहिला क्रमांक २१४ होता आणि कंपाउंडर ‘पुनर्परीक्षेस पात्र’ होते, कारण त्यांनी चाळीस जणांना एकच उत्तर दिलं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी प्रमाणपत्राची प्रत फायलीत लावली आणि नववी अ सरांकडेच राहिली.

सोमवारी सर वर्गात गेले. त्यांनी फळ्यावर एक कोडं लिहिलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “हं. आता आपापसात बोला.”

कुणीही बोललं नाही. अठ्ठेचाळीस मुलं हाताची घडी घालून ताठ बसली. दोघींना वाटलं, सरांच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. सर पुन्हा म्हणाले, “बोला रे.” मुलं आणखी ताठ झाली. पाच मिनिटं गेली. उत्तर न येणं म्हणजे काय असतं ते सरांना आता पुरतं ठाऊक होतं. ते बाकांमधून हळूहळू फिरले, वह्या बघितल्या, मान हलवली. “तू चुकली आहेस, पण फार छान चुकली आहेस. ती खिडकीशी बसलीय ना, तिला दाखव. तू ऊठ, याच्या शेजारी बस. याला अर्धं आलंय, उरलेलं तुझ्या वहीत आहे.”

आधी एक कुजबुज झाली. मग दुसरी. मग कुणीतरी “नाही, नाही, ते तसं नाहीच!” असं ओरडलं आणि दचकून सरांकडे पाहिलं. सर पुढची वही बघू लागले. त्याबरोबर वर्गात एकच कालवा उठला.

तो कालवा ऐकून मुख्याध्यापिकाबाई आपल्या खोलीतून धावत आल्या. नववी अ तून आवाज येतोय यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. त्यांनी दार ढकललं. फळ्यापाशी कुणी नव्हतं.

“हे काय चाललंय? सर कुठे आहेत? आले नाहीत का आज?”

शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या मधे अवघडून बसलेल्या सरांनी हात वर केला.

“आहे की बाई. माझी बोलायची पाळी अजून आली नाही.”